मराठी बोलल्यास एक गुण वजा

सेलोटेप ओढल्याचा चर्र आवाज झाला आणि सुचित्राचा हात जागच्या जागी थांबला. पहाटेचे साडेपाच वाजले होते. कॉटवर तिच्या सासूबाई रमाबाई, खाली गादीवर नवरा विनीत आणि त्याच्या शेजारी आडवीतिडवी पसरलेली मनवा, अशी तिघंही झोपेत होती. रमाबाईंना पहाटेचा वारा सोसत नाही म्हणून पंखाही बंद. इतक्या शांततेत तो एवढासा आवाजसुद्धा कुणी चादर टरकावल्यासारखा वाटला. तिने गादीकडे पाहिलं. विनीत हलला नाही, पण मनवाचा एक डोळा उघडला होता.

"आज कशाला चिकटवतेयस?" मनवाने कुजबुजत विचारलं.

सुचित्राने ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याच्या पिंपाकडे खूण केली. गेले सात महिने हे असंच चाललं होतं. लालबागच्या या खोलीत जर्मन शब्दाची चिठ्ठी नाही अशी वस्तू शोधावी लागली असती. फ्रिज, आरसा, गॅसची शेगडी, मोरीची कडी, विनीतच्या शर्टांचा हँगर, सगळ्यांना नावं होती. दोन जागा तेवढ्या सुटल्या होत्या. एक देव्हारा, कारण देवाला नवीन नाव नको असं रमाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि दुसरा त्यांचा औषधांचा डबा. "माजी औषधा माका म्हायत आसत," असं म्हणून त्यांनी तिथली चिठ्ठी स्वतः काढून सुचित्राच्या वहीत आणून ठेवली होती. पण एवढंच. बाकी या अभ्यासाच्या मागे सगळ्यात जास्त कुणी असेल तर त्याच होत्या. कुकर लावायला सुचित्रा उठली की त्या तिला हाताला धरून परत बसवायच्या. आयुष्यभर गिरणीच्या भोंग्यावर घर चालवलेली बाई, सुनेने अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आठ वर्षं काढलेली त्यांना बघवत नव्हती.

मनवा गादीतून सरपटत आली, पिंपाजवळ उकिडवी बसली आणि तिने चिठ्ठी वाचली. सुचित्राने उच्चार सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सात वर्षांच्या त्या पोरीचा उच्चार बरोबर होता. तिच्यापेक्षा बरोबर होता.

"आज नंबर येणार ना तुझा?" मनवा म्हणाली.

"बघू," सुचित्रा म्हणाली. मग वाटलं, हे फार थोडं झालं. म्हणून तिने मनवाच्या विस्कटलेल्या केसांतून हात फिरवला.

आज शेवटचा शनिवार होता. दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हेझल मिसचा वर्ग भरायचा. शिकणारे नऊ जण, नऊच्या नऊ नर्स. ज्या एजन्सीने त्यांना तिथे घातलं होतं ती या बॅचमधून सहा जणांना परीक्षेला बसवणार होती आणि पास झाले की वर्षाअखेर जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात पाठवणार होती. ते सहा कोण, हे हेझल मिस आज सांगणार होत्या. घरातली माणसं नंतर नेता येणार होती, पण नंतर म्हणजे वर्षाने, कदाचित दीड वर्षाने. मनवाला आई जर्मनीला जाणार एवढं माहीत होतं. मधलं दीड वर्ष तिला कुणी सांगितलं नव्हतं. नंबर लागू दे, मग सांगू, असं सुचित्रा आणि विनीतचं ठरलं होतं. खरं तर ठरलं असं काही नव्हतं, दोघांनीही तो विषय टाळला होता.

लेखी पेपरात सुचित्राचा पहिला नंबर कधी चुकला नाही. पण हेझल मिस लेखी पेपराला फारसं विचारत नसत. माझगावच्या या बाई, वय पंचावन्नच्या आसपास, केस कानापर्यंत कापलेले, मराठी घरातल्यासारखं आणि झरझर बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं एकच होतं. पेशंट तुमच्यासमोर चार पर्याय ठेवून त्यातला एक निवडा म्हणणार नाही. तो बोलेल, तेव्हा तुम्हाला तिथल्या तिथे शब्द आला पाहिजे. म्हणून दर शनिवारी आठवड्याच्या शब्दांची उजळणी खेळातून. तिघातिघांचे गट करायचे. गटाला मिळालेला गुण गटातल्या प्रत्येकाच्या नावावर चढायचा आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ती यादी आठवड्यामागून आठवडे वाढत राहायची. सेवकाने तो कोपरा पुसायचा नाही अशी ताकीद होती. आणि फळ्याच्या वरच्या कडेला खडूने गिरवून गिरवून जाड झालेला नियम होता, मुद्दाम मराठीत लिहिलेला: मराठी, हिंदी, इंग्लिश बोलल्यास एक गुण वजा.

खेळात सुचित्रा बुडायची. शब्द येत नव्हता असं नाही. शब्द यायचा, पण तो बरोबर आहे ना हे ती एकदा मनात तपासून बघायची आणि तेवढ्यात दुसरं कुणी तरी ओरडून मोकळं व्हायचं. वॉर्डात तिच्या याच सवयीचं कौतुक व्हायचं. सुचित्रा सिस्टरने सलाइन लावलं की डॉक्टर पुन्हा बघायला येत नाहीत, असं मेट्रन सांगायच्या. तीच सवय इथे तिला मागे खेचत होती. यादीत ती सातवी होती. सहाव्या नंबरावर दौलत ब्रदर होते. दोघांच्या मध्ये दोन गुण.

दोन वाजता मॉर्निंग ड्युटी संपवून ती परळहून बसने दादरला उतरली. तीनच्या ठोक्याला हेझल मिस दाराला आतून कडी घालत, मग कुणीही येवो. जिन्यात पहिल्या वळणावर तिला दौलत ब्रदर दिसले, कठड्याला हात लावून उभे. त्रेचाळीस वर्षांचा हा माणूस वर्गात सगळ्यात मोठा. माझगावच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला होता. हॉस्पिटलात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, म्हणून वर्गातही ते सगळ्यांचे ब्रदर.

"काय सिस्टर, आज मला पाडायचा बेत आहे म्हणे," ते म्हणाले.

"तुम्ही पडलात तर ना," ती हसून म्हणाली.

त्यांच्या हातातल्या पिशवीतून स्टीलचा डबा दिसत होता. पुढच्या पाळीचा रिलिव्हर उशिरा आला, डबा उघडायलाही फुरसत मिळाली नाही, आता सुटल्यावरच खाईन, असं ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत तिच्या पुढे निघून गेले. नंतर तिला आठवलं की त्या वेळी तिच्या मनात एकच विचार आला होता: उपाशी माणसाचं डोकं हळू चालतं.

पहिला खेळ माश्या मारायचा. फळ्यावर पंधरा शब्द लिहिलेले, दोन गटांतले दोघं समोर प्लॅस्टिकची झापडं घेऊन उभे. मिस अर्थ सांगणार आणि जो आधी त्या शब्दावर झापड मारेल त्याचा गुण. सुचित्राच्या गटातल्या मेलानीने तिथे धमाल केली. मेलानी चोवीस वर्षांची, हाताला चपळ आणि हरली तर खुशाल भांडणारी. तिच्या जिवावर गटाला एक गुण जास्त मिळाला. आता मध्ये एकच गुण.

दुसरा खेळ बॅग भरायचा. गोल करून बसायचं. पहिल्याने म्हणायचं, मी बॅगेत टॉवेल भरला. दुसऱ्याने म्हणायचं, मी बॅगेत टॉवेल आणि कंगवा भरला. प्रत्येकाने आधीची सगळी यादी म्हणून आपली एक वस्तू वाढवायची, अडखळला तो बाद. हा खेळ सुचित्राला घरी मनवाबरोबर खेळून पाठ झाला होता. तरी अकराव्या वस्तूपाशी ती अडली. चष्मा की छत्री आधी, एवढंच तपासत राहिली आणि मिसनी टाळी वाजवली. पुढच्या फेरीत ब्रदरही अडखळले. दोनदा तोच शब्द बोलले, मग कपाळ पुसून हसले. फरक एकाचाच राहिला.

सुचित्राने फळ्याच्या कोपऱ्यातली यादी पुन्हा एकदा पाहिली. एक खेळ उरला होता. शेवटच्या तासाला मिस नेहमी तोच खेळ घेत: पेशंट. एकाने चिठ्ठी उचलायची, पुढच्या खुर्चीत बसायचं आणि चिठ्ठीतला त्रास तोंडातून आवाज न काढता करून दाखवायचा. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा, जो गट आधी बोलेल त्याचा गुण. टेबलावर मिसचं वाळूचं छोटं घड्याळ, एका मिनिटाचं.

या खेळाचे राजे दौलत ब्रदर. काळाचौकीला मंडळाच्या गणपतीत त्यांनी दहा वर्षं एकांकिका गाजवल्या होत्या. मागच्या शनिवारी त्यांनी छातीतली कळ अशी काही करून दाखवली की हेझल मिस खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या आणि मग सगळा वर्ग त्यांच्यावर हसला होता.

त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली, खुर्चीत बसले. मिसनी घड्याळ उलटं केलं. ब्रदरनी हात कपाळाला लावला, डोळे फिरवले आणि धड एका बाजूला झोकून दिलं.

"श्विंडलिश," सुचित्रा म्हणाली.

चक्कर. ती बोलून गेली तेव्हा तिलाच नवल वाटलं. तपासलं नव्हतं, मागे वळून पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी तिचा आवाज खोलीत पडला होता. मेलानीने तिच्या पाठीत धपका घातला. मिसनी फळ्याकडे जाऊन गुण मांडला. बरोबरी.

पण ब्रदर थांबले नाहीत. ते खुर्चीत बसूनच राहिले, हात थरथरवत. वर्गाला वाटलं, ब्रदर आज रंगात आलेत, एका चिठ्ठीवर यांचं भागत नाही. हेझल मिसही हसल्या आणि चालू द्या अशी खूण केली, जादा शब्द, जादा गुण. पलीकडच्या तिसऱ्या गटातून कुणीतरी थरथरण्याचा शब्द ओरडलं. मग त्याच गटातून कुणी फिकट पडण्याचा. टेबलावर वाळू गळत होती, अर्धी वर, अर्धी खाली.

सुचित्राच्या जिभेवर घामाचा शब्द आला. आणि तिच्या जन्माच्या सवयीने, बोलण्याआधी एकदा खात्री करून घ्यायला, तिने घामाकडे पाहिलं.

ब्रदरच्या कानामागून थेंब निघाला होता. तो मानेवरून उतरून कॉलरमध्ये शिरला आणि त्याच्या मागून दुसरा निघाला. शर्ट काखेत नव्हे, छातीवर भिजला होता. माणूस हात थरथरवू शकतो, डोळे फिरवू शकतो. घाम कुणाला काढून दाखवता येत नाही. तिला कळलं. डबा उघडलेला नाही, दोनदा तोच शब्द, कठड्याला धरून उभं राहणं, सगळं एका क्षणात एका ओळीत येऊन बसलं, वॉर्डात पेशंटच्या उशाशी बसतं तसं.

आणि तिच्या तोंडून शब्द निघाला, "श्विट्सन."

घाम येणे. मिसनी गुण मांडला. ती पुढे गेली. यादीत ती सहावी झाली.

नंतर घरी येताना बसमध्ये तिने तो क्षण पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. शब्द आधी निघाला होता की कळलं आधी होतं? तिला स्वतःची बाजू घ्यायची होती, पण घेता येत नव्हती. कळलं आधी होतं. जिभेवर होता म्हणून शब्द निसटला, हे खरं. पण त्याच्या पुढचं काय? पुढे ती बोलणारच होती की ब्रदरना बरं नाहीये, खेळ थांबवा. हे तिला जर्मनमध्ये बोलायचं होतं. मराठीत बोललं असतं तर एक गुण वजा झाला असता. तिने तोंड उघडलं आणि वाक्य जुळवायला घेतलं. ते खेळत नाहीत, नाही, त्यांना खरोखर, नाही, खरोखरला काय म्हणतात. शब्द एकेक करून येत होते, लाइनीत उभे राहत नव्हते. समोर वाळू गळत होती. ती वाळूकडे बघत होती, घामाकडे बघत होती आणि क्रियापद शोधत होती.

वरची वाळू संपली तेव्हा ब्रदर खुर्चीवरून सरकले.

"धरा त्यांना," ती मराठीत ओरडली. "शुगर पडलीये."

मग खोलीत विद्यार्थी कुणी उरलं नाही. आठ नर्स होत्या. दोघींनी त्यांना अलगद खाली घेतलं, कुणी कुशीवर केलं, कुणी कॉलर सैल केली. मेलानीच्या बॅगेत तिच्या आजीचा ग्लुकोमीटर होता. बोटाला टोचून आकडा आला शेचाळीस. शुद्ध होती, गिळता येत होतं. हेझल मिसच्या चहाच्या साखरेचं पाणी करून सुचित्राने चमच्या-चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. एका हाताने तिने त्यांचा हात धरून ठेवला होता. तो गार होता आणि चिंब ओला, मासळीला हात लागावा तसा. कुणी जर्मन बोलत नव्हतं आणि कुणाला शब्द शोधावा लागत नव्हता.

पंधरा मिनिटांनी आकडा नव्वदवर आला. ब्रदर बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खात होते, लहान मूल बोलणी खाल्ल्यावर जेवतं तसे, मान खाली घालून. तीन वर्षं शुगर होती. सकाळी गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. मेडिकलमध्ये अडकवतील या धास्तीने त्यांनी एजन्सीला सांगितलं नव्हतं आणि वर्गालाही नाही. हेझल मिसनी त्यांना सांगून पाहिलं की शुगर असलेले लोक तिकडेही नर्सिंग करतात, लपवायचं कशाला. ब्रदर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, माझं नाव या वेळी नको. आधी घरी सांगतो, डॉक्टरला दाखवतो, पुढच्या बॅचला बघू.

सगळे गेल्यावर सुचित्रा मागे रेंगाळली. हेझल मिस टेबलावर सांडलेलं साखरेचं पाणी पुसत होत्या. तिला वाटलं, आत्ता बोललं नाही तर हे तोंडातच कुजेल.

"मिस, मला आधी कळलं होतं," ती म्हणाली. "घामाचा शब्द बोलले त्याच्या आधी."

हेझल मिस पुसत राहिल्या.

"तुझं तोंड उघडं होतं," त्या मग म्हणाल्या. "मी बघितलं. मला वाटलं, आज ही पोरगी पूर्ण वाक्य बोलणार. सात महिने वाट बघत होते ना मी. म्हणून मधे पडले नाही." त्यांनी फडकं पिळलं. "मी पण थांबले, सुचित्रा. तुझ्या वाक्यासाठी."

त्यांच्या आवाजात तिला दिलासा द्यायचा सूर नव्हता. उलट त्या स्वतःच कुणाकडून तरी दिलासा मिळावा म्हणून थांबल्यासारख्या वाटत होत्या.

मराठी बोलल्याचा गुण वजा करा, ती म्हणाली. मिसनी नकारार्थी मान हलवली. वजा केला तरी बरोबरी आणि ब्रदर स्वतःच बाजूला झालेत, नाव तुझंच राहतं. त्यांनी कागद पुढे केला. सहा नावं होती, शेवटचं तिचं. महिन्याने परीक्षा. "तिथे गेलीस ना," मिस म्हणाल्या, "की असं काही दिसलं तर मराठीत ओरड. कुठल्याही भाषेत ओरड. लोक येतात धावत." मग त्यांनी खिडक्या लावायला घेतल्या.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. विनीतला फोन करून सांगितलं. तो कामाला होता त्या कॉटन ग्रीनच्या गोदामात मागे हातगाड्यांचा खडखडाट चालू होता, तरी त्याचा आवाज एकदम उजळल्याचं तिला कळलं. तोच म्हणाला, आज सांगून टाकू या मनवाला, मी येतो लवकर. ती हो म्हणाली. हवं होतं ते मिळालं होतं. सात महिने ज्याच्यासाठी चिठ्ठ्या चिकटवल्या ते पर्समध्ये घडी घालून होतं. तरी सकाळची धास्ती गेली नव्हती, उलट वाढली होती. तिकडे वॉर्डात रात्री कुणी म्हातारी तिच्याकडे बघेल, काही बोलेल, हिला कळेल आणि ही तोंड उघडून वाक्य जुळवत उभी राहील. किती सेकंद? तिने बसमध्ये बसून मोजून पाहिलं. अर्धी वाळू म्हणजे तीस. तीस सेकंद ती गप्प होती.

घरी रमाबाईंना आधीच कळलं होतं, मघाच विनीतचा फोन येऊन गेला होता. त्यांनी तिला हात धरून देव्हाऱ्यापुढे उभं केलं, दिवा लावला आणि तिच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

"खा गो बाय," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सांनी चांगला झाला."

सुचित्रा तळहातावरच्या साखरेकडे बघत राहिली. मग तिने ती जिभेवर ठेवली. रमाबाईंनी तिचा चेहरा पाहिला, काहीतरी विचारणार होत्या, पण भाजी करपेल म्हणून वळल्या. बायका विचारायचं ते नंतरसाठी ठेवून देतात, तसं त्यांनी ठेवून दिलं.

मनवा खिडकीच्या फळीवर बसून पाय हलवत होती. नंबर आला ना, मग तू अशी का, असं तिने सरळ विचारलं. सुचित्रा तिच्या शेजारी बसली. खाली गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा ओघळ चाळीच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. विनीत यायला अजून तास होता. थांबायला हवं होतं, पण दुपारपासून तिचं थांबण्यावरचं मनच उडालं होतं.

तिने सांगितलं. आधी जायचं सांगितलं. वर्षाअखेर मम्मी एकटी जाणार, मग एक वर्षाने, कदाचित थोडं जास्त, पप्पा आणि तू येणार. तोवर आजी आहे, पप्पा आहे, शाळा हीच. मनवाचे पाय हलायचे थांबले. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं की थोडं जास्त म्हणजे दोन वाढदिवस की एक. सुचित्राने हिशेब केला आणि खरं सांगितलं, दोन.

मग गप्प बसवेना म्हणून तिने दुपारची गोष्ट सांगितली. माश्या मारायचा खेळ सांगितला, मेलानी मावशी कशी झापड मारते ते करून दाखवलं. पेशंटचा खेळ सांगितला. ब्रदर काका खुर्चीत बसून चक्कर आल्यासारखं करत होते आणि सगळे ओरडत होते आणि खरं तर काकांना तेव्हा खरंच बरं नव्हतं. तीस सेकंदांचं काही तिने सांगितलं नाही.

"आणि कुणालाच कळलं नाही?" मनवा म्हणाली. "सगळ्या नर्स असून?"

"नाही कळलं. ते नाटक छान करतात ना."

"मग तुला कसं कळलं, खरं आहे ते?"

"घाम दिसला मला. मग हात धरला त्यांचा. गार होता, ओला. असा हात असला की समजायचं."

मनवाने आपला हात पुढे केला. सुचित्राने तो दोन्ही हातांत घेतला. बोटांना शाळेतला खडू लागला होता, नखात शाई होती.

"माझा कसा आहे?"

"कोमट आहे. छान आहे."

"म्हणजे मला बरं आहे."

"हो. तुला बरं आहे."

मनवाने हात तिच्या हातातच राहू दिला. आत रमाबाई भाजी परतत होत्या. मनवा खालच्या पाण्याच्या ओघळाकडे बघत राहिली, काहीतरी जुळवत असल्यासारखी. मग म्हणाली, तिकडून तू रोज व्हिडिओ कॉल करशील ना. रोज, सुचित्रा म्हणाली, शाळेतून आलीस की. रात्री पण, झोपायच्या आधी. मनवाने मान हलवली. हे तिला पटलं होतं. पण तिचं अजून संपलं नव्हतं. तिने मान वर करून आईकडे पाहिलं, रागाने नाही, रडवेल्या तोंडानेही नाही. एखादी गोष्ट खरंच माहीत करून घ्यायची असली की बघायची, तशी.

"पण मम्मी, फोनमध्ये हात गार आहे की कोमट, ते कसं कळणार गं तुला?"